मागे उरणारा हिशेब

'धर्मसंकट' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात फार स्वस्त करून टाकला आहे. एकाच मुहूर्तावर दोन लग्नांची बोलावणी आली, की आपण धर्मसंकटात सापडतो. व्याह्यांनी आग्रहाने चौथा लाडू पानात वाढला, तरी तेही धर्मसंकटच! परंतु शब्दाकडे क्षणभर थांबून पाहिले, तर त्याची घडण मोठी अर्थपूर्ण आहे. हे संकट अधर्माने आणलेले नसते. मोह आणि कर्तव्य यांचा झगडा चालू असतो, तेव्हा काय करावे हे मनुष्यास पक्के ठाऊक असते. ते करवत नाही, एवढेच. धर्मसंकटात मात्र दोन्ही बाजूंना धर्मच उभा असतो. एकाचा मान राखावा, तर दुसऱ्याचा भंग होतो आणि दोघांनाही आपण आपलेच म्हटलेले असते.

आमच्या काचीगुड्याच्या बाजूस आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रविवारी सायंकाळी काही वाचन करीत असतो. गेल्या पावसाळ्यात 'गीतारहस्य' हाती घेतले होते. त्या वेळी एका स्नेह्यांची नात, जी तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. करीत आहे, तिने एक प्रश्न टाकला. ती म्हणाली, "आजोबा, नीतीचा एखादा सिद्धांत खरा असेल, तर अमुक प्रसंगी काय करावे हे त्याने सांगायला हवे. त्याने सांगितले, की संकट संपले. तरीही ते संपत नसेल, तर एक तर सिद्धांत अपुरा आहे, नाही तर आपले मन गोंधळलेले आहे. यांतले खरे काय?" प्रश्न नेमका होता आणि त्याला त्या सायंकाळी आमच्यापैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. पुढे अनेक दिवस तो मनात घोळत राहिला. त्यातून जे सुचले, ते येथे मांडीत आहोत. आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. आमच्यापाशी आहे ते थोडे वाचन आणि बरेचसे वय.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात सन १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ सन १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 'कर्मजिज्ञासा' हे दुसरे प्रकरण म्हणजे धर्मसंकटांचे एक संग्रहालयच आहे. रणांगणावरील अर्जुनाच्या शेजारी टिळकांनी शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरियोलेनस आणून बसविले आहेत. दुष्काळात प्राण वाचविण्यासाठी चोरी करणारा विश्वामित्रही तेथे भेटतो. सत्य, अहिंसा, अस्तेय ही व्रते एकेकटी पाहिली, तर निष्कलंक दिसतात. पण संसाराच्या चव्हाट्यावर ती एकमेकांस छेदून जातात, हे त्या प्रकरणाचे सार होय.

यांतील सत्याचा प्रश्न घेऊ. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनास कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा सांगतो. सदैव खरे बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. पाठोपाठ दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि व्रतस्थ कौशिक नरकात गेला. पण त्याच महाभारतात द्रोणपर्वही आहे. अश्वत्थामा मेला, असे युधिष्ठिराने द्रोणांस ऐकू जाईल असे सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हळूच पुटपुटला. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईवर टेकला. एकास खरे बोलल्याबद्दल शिक्षा, दुसऱ्यास खोटे बोलल्याबद्दल! व्यासांना सोपे उत्तर द्यायचेच नव्हते, हे उघड आहे.

युरोपातील पंडितांनीही याच दाराशी डोके आपटलेले आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने सन १७९७ मध्ये एक निबंध लिहून असे प्रतिपादिले की, घरात लपलेल्या मित्राचा पत्ता मारेकऱ्याने विचारला, तरीही खोटे बोलण्याचा अधिकार कोणासही नाही. कौशिकास असा पाठीराखा दुसरा मिळणार नाही. उलट इंग्लंडचा मिल्ल याने अधिकांचे अधिक सुख हे माप हाती घेतले. सत्याच्या नियमालाही अपवाद आहेत असे सांगून त्याने दोन उदाहरणे दिली : दुष्टापासून माहिती लपविणे आणि अत्यवस्थ रुग्णापासून वाईट बातमी लपविणे. ही दोन्ही उदाहरणे आमच्या कुटुंबात प्रत्यक्ष घडलेली असल्यामुळे मिल्लचे ते पान आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाही. त्यांकडे पुढे येऊच.

कांट आणि मिल्ल यांची तोंडे विरुद्ध दिशांना असली, तरी एका गोष्टीत ते एकसारखे दिसतात. दोघांच्याही मते योग्य काय ते एकदा ठरले, की दुसरी बाजू शून्य होते. जे करणे योग्य नव्हते ते कर्तव्य नव्हतेच. मग त्याची खंत कशाची? आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्नही याच गणिती रीतीचा होता. परंतु सन १९३० मध्ये रॉस नावाच्या स्कॉटिश पंडिताने या गणितात एक दुरुस्ती सुचविली. तो म्हणतो की, दोन कर्तव्ये भिडली असता एकाला मागे सारावे लागते. पण मागे सारलेले कर्तव्य नाहीसे होत नाही. मोठ्या कामासाठी दिलेला शब्द मोडला, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नसले तरी मनाला बोच राहते आणि ज्याला शब्द दिला त्याची कशी तरी भरपाई करणे आपल्यावर उरते. सन १९६५ मध्ये बर्नार्ड विल्यम्स यांनी हेच सूत्र अधिक ठामपणे मांडले. आपल्याकडे बिमल कृष्ण मतिलाल यांनी सन १९८९ मध्ये महाभारतातील धर्मसंकटांवरील निबंधांचे एक इंग्रजी पुस्तक संपादून ही चर्चा पुन्हा व्यासांच्या अंगणात आणली.

आणि व्यासांच्या अंगणात हे उत्तर आधीच पडलेले होते, असे आम्हांस वाटते. कौशिकाची कथा श्रीकृष्णाने सांगितली तो प्रसंग आठवावा. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल, त्याचे मस्तक उडवीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती आणि ते शब्द नेमके धर्मराजाच्या तोंडून निघाले. प्रतिज्ञा पाळावी तर भ्रातृहत्या, न पाळावी तर प्रतिज्ञाभंग. वडिलधाऱ्यांचा अपमान हाच त्यांचा वध, अशी तोड श्रीकृष्णाने काढली आणि अर्जुनाने धर्मराजाला अरेतुरे करून कठोर शब्द सुनावले. सिद्धांताप्रमाणे प्रश्न येथे सुटला. पण कथा येथे संपत नाही. अर्जुनाने पुन्हा तरवार उपसली, ती या वेळी स्वतःसाठी. कारण थोरल्या भावाला आपण असे बोललो, हे त्याला सहन होईना. मग श्रीकृष्णाला दुसरी तोड काढावी लागली, आणि अर्जुनाने धर्मराजाचे पाय धरले, तेव्हा कोठे प्रकरण मिटले. बरोबर तेच करूनही अर्जुनाच्या हाती तरवार राहिली, ही गोष्ट व्यासांनी मुद्दाम नोंदविली आहे.

आता आपल्या हैद्राबादकडे येऊ. फ्रेंच लेखक सार्त्र यांनी सन १९४५ च्या एका व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली, ती जगभर गाजली. घरी एकाकी आई, देशावर परचक्र. आईपाशी राहावे, की लढ्यात जावे? आपल्या संस्थानातील शेकडो मुलांवर हीच पाळी त्याआधी सात वर्षे येऊन गेली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सन १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीतलेच. नागपूर विद्यापीठाने दार उघडले, म्हणून अनेकांचे शिक्षण तगले. पण दागिना गहाण टाकून मुलाला शिकावयास धाडणाऱ्या आईबापांचे काय? त्यांच्याशीही त्या मुलांचे एक न बोललेले वचन होतेच. सार्त्र आपल्या विद्यार्थ्याला म्हणाले, की तू स्वतंत्र आहेस, निवड कर. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. निवड करून नागपूरची गाडी पकडलेल्या मुलाला घरी पत्र काय लिहावे, हे त्यात सांगितलेले नाही.

याहून अवघड प्रसंग दहा वर्षांनी आला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते, गांधीजींच्या मार्गाचे होते आणि सन १९३८ च्या सत्याग्रहापासून लढ्यात होते. सन १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांनी खेडीपाडी होरपळू लागली, तेव्हा सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले आणि सत्याग्रहींच्या हाती शस्त्रे आली. शस्त्रांना पैसा हवा होता. दिनांक ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड-निजामाबाद लोहमार्गावरील उमरी येथे निजाम सरकारच्या बँकेवर धाड घालण्यात आली आणि सुमारे वीस लाख रुपये आंदोलनाच्या हाती आले. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. अस्तेयाचे व्रत शिकविणारा गुरू ज्या दिवशी गेला, त्याच दिवशी त्याच्या शिष्यांच्या चळवळीने बँक लुटली, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

ही कृती योग्य की अयोग्य, यावर आमच्या बैठकीत दोन तट पडले आणि ते पडलेलेच राहिले. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वेधले गेले. त्या पैशांचा हिशेब ठेवण्यात आला आणि संस्थान मुक्त झाल्यावर तो सादरही करण्यात आला, असे त्या लढ्याच्या आठवणी लिहिणारे आवर्जून सांगतात. लुटीचा हिशेब! ज्याला आपण चोरी करीत नाही अशी पूर्ण खात्री आहे, त्याला हिशेबाची गरज नाही. आणि जो निव्वळ चोर आहे, त्यालाही नाही. चोरी करू नये हा धर्म त्या दिवशी मागे सारला गेला, पण तो मेला नाही. हिशेबवहीच्या रकान्यांत तो जिवंत राहिला. स्वामीजी दिनांक २२ जानेवारी १९७२ रोजी आपल्याच शहरात निवर्तले. बेगमपेठेत त्यांच्या समाधीवरून जाताना आम्हांस त्यांची भाषणे आठवत नाहीत, ही हिशेबाची वहीच आठवते.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली आहे. आमचे आजोबा नांदेड जिल्ह्यात गोदाकाठच्या एका खेड्यात पटवारी होते. गावात बांधाचा तंटा उभा राहिला, की दोन्ही पक्ष त्यांना बोलावीत; तुळशीवर हात ठेवून ते जे सांगतील, ती सीमा मानली जाई. सन १९४८ च्या सप्टेंबरात, दिनांक १३ ते १७ या पाच दिवसांत, भारतीय फौजांनी संस्थान मुक्त केले. आमच्या घरी त्या दिवशी गूळ वाटला गेला. पण त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत जे घडले, त्याबद्दल आपली मंडळी कमी बोलतात. रझाकारांनी केलेल्या जुलमांचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविण्यात आला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला होता. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांचे रक्षण करणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांचीही त्यात नोंद आहे.

आमच्या आजोबांच्या वाड्यातील बळदात एका विणकर कुटुंबातील सात माणसे दोन दिवस बसून होती. बाहेरगावचा जमाव दाराशी आला. आजोबांनी सांगितले की, ती माणसे नदी उतरून गेली. जमावातील एकास पटवाऱ्याची ख्याती ठाऊक होती, तो म्हणाला, "तुळशीवर हात ठेवून सांगा." आजोबांनी अंगणात उतरून तुळशीवर हात ठेवला आणि तेच पुन्हा सांगितले. जमाव निघून गेला. सातही माणसे वाचली.

कौशिकाची कथा आजोबांना पाठ होती. त्यांनी कौशिक होण्याचे नाकारले, यात शंका घेण्यासारखे काही नाही. पण त्यानंतर त्यांनी बांधाच्या तंट्यात हात ठेवणे बंद केले. गावाने विनवण्या केल्या. ते बधले नाहीत. गावातील त्यांचा सर्वांत मोठा मान तोच होता आणि तो त्यांनी आपण होऊन सोडला. आम्ही कॉलेजात शिकत असताना त्यांना मोठ्या ऐटीत म्हटले होते, "आजोबा, श्रीकृष्णाच्या निवाड्याप्रमाणे तुम्ही पाप केलेच नाही. मग हे प्रायश्चित्त कशाला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पाप नाही, हे मलाही ठाऊक आहे, बाळ. उद्या तसेच आले, तर पुन्हा हात ठेवीन. पण ज्या हाताने खोटी शपथ घेतली, त्या हातावर आता कोणी जमीन वाटून घेऊ नये." रॉस किंवा विल्यम्स यांचे नाव त्यांनी ऐकलेले असणे शक्य नव्हते.

मिल्लचे दुसरे उदाहरण आमच्या वाट्यास दोन वर्षांपूर्वी आले. आमचे थोरले बंधू शहरातील एका रुग्णालयात होते. दुखणे हाताबाहेर गेले होते. वहिनींनी आणि परदेशातील पुतण्याने एकमुखाने सांगितले की, त्यांना काही कळता कामा नये. आम्ही म्हटले, "आम्ही होऊन विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारले, तर आमच्याने खोटे बोलवणार नाही." त्यांनी सरळ विचारलेच नाही. एके दुपारी ते एवढेच म्हणाले, "घराच्या वाटणीचे कागद दिवाळीनंतर करावेत म्हणतो. चालेल ना?" आम्ही म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांबू नये. याच आठवड्यात करून टाकू." ते आमच्याकडे काही वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी आपला चष्मा मागितला. वहिनी पेजेचा डबा घेऊन दारातच उभ्या होत्या.

कागद झाले. नातवंडांशी त्यांचे मनसोक्त बोलणे झाले. एकोणिसाव्या दिवशी ते गेले. वहिनी मात्र पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, आशा हे एकच औषध त्यांच्या हाती होते आणि तेच आम्ही काढून घेतले. आम्ही केले ते आजही आम्हांस योग्यच वाटते. आणि वहिनींचे म्हणणेही खोटे वाटत नाही. दर गुरुवारी आम्ही त्यांच्याकडे जातो, औषधे आणून देतो, घरपट्टीचे कागद पाहतो. त्या विषयावर वाद घालीत नाही. आमच्या बाजूची सर्व प्रमाणे तयार आहेत, पण ती मांडण्याची ती जागा नव्हे, असे आम्ही मानतो.

तेव्हा प्रश्नाचे आमच्या परीने उत्तर असे : सिद्धांत अपुरा नाही आणि मनही गोंधळलेले नाही. सिद्धांताचे काम निवडीपर्यंतचे आहे आणि ते मोठे काम आहे. तो नसता, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, असे झाले असते. कौशिकाच्या व्रतातील अहंकार आपल्याला ओळखताच आला नसता. पण निवड झाल्यावर मागे जे उरते, ते सिद्धांताच्या खात्यात जमा होत नाही; ते करणाऱ्याच्या नावावर पडते. ते फेडावयाचे असते वागण्याने : कोणी हिशेब ठेवतो, कोणी मान सोडतो, कोणी गुरुवारी जाऊन गप्प बसतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. या विचाराचा सोयीस्कर अर्थ लावणारेही निघतात. पेपर फोडणारा, टेबलाखालून पाकीट सरकविणारा, सुनेच्या माहेरी मागणी करणारा, हे सर्व जण 'काय करणार, धर्मसंकट होते' असे म्हणतात आणि पुढे देवस्थानाला देणगी देऊन मोकळे होतात. ते धर्मसंकट नव्हे. तेथे एका बाजूला धर्म होता आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ लाभ. ओळखण्याची खूण सोपी आहे : निवडीने आपल्याला काही मिळाले, की आपले काही गेले, ते पाहावे. आजोबांना त्या खोट्या शपथेतून एक दमडीही मिळाली नव्हती.

सन १९४८ पाहिलेली पिढी आता आपल्यातून झपाट्याने निघून चालली आहे. ज्यांच्या घरी त्या काळाची एखादी वृद्ध व्यक्ती अजून असेल, त्यांनी तिला दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लिहून ठेवावीत. त्या वेळी तुम्ही काय केलेत, ही पहिली; ती बहुधा आनंदाने सांगितली जाईल. त्यानंतर तुम्ही स्वतःवर काय येणे ठेवलेत, ही दुसरी. ती विचारताना थोडे थांबावे लागेल. आमच्या मते नीतिशास्त्राचा खरा धडा त्या दुसऱ्या उत्तरात असतो.